आधी मोजणी, मग इसार

इंदापूर तालुक्यातल्या डाळजच्या परिसरात जुने घर विकत घेण्याचा व्यवहार बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो. घर पाहिले जाते, सागवानी खांब किंवा दगडी जोते डोळ्यांत भरते, मध्यस्थ 'आणखी एक गिऱ्हाईक आहे' असे सांगतो आणि दोन-चार दिवसांत इसाराची रक्कम विक्रेत्याच्या हातात पडते. वकील, मोजणी, इंजिनिअर हे सगळे त्यानंतर आठवतात. तोवर भाव ठरलेला असतो, पैसे अडकलेले असतात आणि घरात काही खोट निघाली तरी ती पदरात घ्यावी लागते. हा क्रम उलटा करायला हवा. तो कसा करायचा, कोणत्या कार्यालयात काय मागायचे आणि भिंतीपाशी उभे राहून काय पाहायचे, ते इथे सांगतो.

काळी मोजली, पांढरी राहिली

जमीन मोजणीच्या इतिहासात इंदापूर तालुक्याला मोठे स्थान आहे. पेशवाई संपल्यावर 1820 च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी करून शेतसारा ठरवला. तो इतका जड झाला की शेते पड पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी 1835 मध्ये इंदापूर तालुक्यातून नव्याने मोजणी सुरू केली आणि 1836 पासून तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. आजच्या सातबाऱ्यामागची व्यवस्था, म्हणजे प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला दगड आणि गावाला नकाशा, तिचा पाया आपल्या तालुक्यात घातला गेला.

पण ती मोजणी साऱ्यासाठी होती. सारा द्यायची ती काळी, पिकाची जमीन. घरे असलेली पांढरी साऱ्यातून मोकळी होती, म्हणून गावनकाशावर तिच्याभोवती एक रेघ ओढून आत 'गावठाण' एवढेच लिहिले गेले. आतली घरे, बोळ, परसे यांची मापे कोणी घेतली नाहीत. बारामती, इंदापूर यांसारख्या गावांत नंतर नगर भूमापन झाले, पण लहान गावांच्या पांढरीची मोजणी थेट ड्रोन आल्यावर सुरू झाली. राज्यातला पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला आणि 24 एप्रिल 2020 पासून केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली.

म्हणूनच आपल्याकडे शेताच्या बांधाचे भांडण नकाशा काढून मिटवता येते, पण शंभर वर्षे उभ्या असलेल्या घराची मागची भिंत कोणाची, हे सांगणारा कागद पुष्कळदा नसतो. जुन्या घराचा खरेदीदार पहिल्यांदा अडतो तो इथेच.

घर नेमके कोणत्या जमिनीवर आहे?

पाहणीची सुरुवात घरात जाऊन होत नाही, ते कोणत्या प्रकारच्या जमिनीवर उभे आहे हे ओळखण्यापासून होते. या पट्ट्यात चार प्रकार आढळतात आणि प्रत्येकाचे कागद वेगळे आहेत.

पहिला प्रकार शहरातल्या जुन्या वस्तीचा. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, कवी मोरोपंतांनी (1729–1794) आयुष्याचा मोठा काळ या गावात घालवला. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. अशा जुन्या भागातल्या घरांना मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असते. त्यावरचे क्षेत्र, धारकांची नावे आणि 'सत्ता प्रकार' हा रकाना नीट वाचा. या रकान्यात एखादेच अक्षर असते, पण जमीन पूर्ण मालकीची आहे, भाडेपट्ट्याची आहे की सरकारी अटींवर दिलेली आहे, ते त्यातूनच कळते. अर्थ मध्यस्थाला विचारू नका, भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.

दुसरा प्रकार खेड्याच्या जुन्या गावठाणाचा. इथे विक्रेता ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा पुढे करतो. तो उतारा कर आकारणीचा आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढे त्यातून ठरते, मालकी सिद्ध होत नाही. ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका आणि सनद तयार झाली आहे का, ते आधी विचारा. झाली असेल तर चौकशीच्या वेळी कोणी हरकत घेतली होती का, तेही पाहा. ड्रोनने मोजला तो गावकऱ्यांनी चुन्याने आखून दाखवलेला ताबा. शेजाऱ्याने तेव्हा आखणी मान्य केली नसेल तर ते भांडण घराबरोबर तुमच्याकडे येईल.

तिसरा प्रकार पुनर्वसित गावठाणाचा. भीमेवरचे उजनी धरण 1980 च्या सुमारास पूर्ण झाले आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरले की पळसनाथाचे जुने मंदिर वर येते. पळसदेवची मूळ वस्ती त्या परिसरात होती. उठलेल्या गावांना नवी गावठाणे आखून भूखंड दिले गेले. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी आणि भूखंडांच्या हस्तांतरावर बंधने असू शकतात. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' किंवा इतर हक्कांत पुनर्वसनाचा शेरा दिसला तर सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. 'इथे सगळे असेच विकतात' हे उत्तर खरेदीखत नोंदवताना किंवा फेरफार करताना उपयोगाचे नसते.

चौथा प्रकार शेतातल्या किंवा महामार्गालगतच्या घराचा. इथे सातबारा आणि आठ-अ हे कागद. घर सातबाऱ्यावर नोंदलेले आहे का, जमीन बिगरशेती झाली आहे का आणि तुम्ही विकत घेता ते क्षेत्र तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यात बसते का, हे तीन प्रश्न आहेत. या कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण त्या तुमच्या गटाला लागू होतात की नाही, याचे उत्तर तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

एक खास स्थानिक सूचना. डाळज नंबर 1, 2 आणि 3 ही वेगवेगळी गावे आहेत. नुसते 'डाळजचा गट नंबर अमुक' असे कोणी सांगितले तर कोणते डाळज, हे आधी विचारा. तोच गट नंबर शेजारच्या डाळजमध्ये दुसऱ्याच माणसाच्या नावावर असू शकतो. इसारपावतीवर आणि साठेखतात गावाचे नाव क्रमांकासकट लिहा.

नावे किती, वाटण्या किती

जुन्या घरात माणसे कमी आणि वारस जास्त असतात. विकणारे थोरले भाऊ समोर बसलेले असतात, पण उताऱ्यावर वडिलांचे किंवा आजोबांचेच नाव असते. वारसनोंद झाली नसेल तर आधी ती करून घ्यायला सांगा. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे 'बहिणींचे काही नाही, त्या आपल्या घरी सुखात आहेत' हे वाक्य ऐकून गप्प बसायचे नाही. बहिणींनी एकतर खरेदीखतावर सह्या कराव्यात किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र असावे. साध्या स्टॅम्प पेपरवर घेतलेला अंगठा चालत नाही.

जुन्या वाटणीपत्रांत 'पूर्वेकडील दोन खण आणि माजघराचा निम्मा भाग' अशी भाषा असते. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, आणि ती प्रत्येक घरात वेगळी. हे खण फुटांत किती, ते जागेवर मोजून वाटणीपत्राशी जुळवा. जिना, आड, देवघर, परसातली वाट यांपैकी काय सामाईक ठेवले आहे, तेही त्यात लिहिलेले असते. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. न वाचलेल्या कागदावर विसंबणे म्हणजे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणे.

वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. त्यात दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक 2, फेरफार, बँक-पतसंस्था-विकास सोसायटी यांचे बोजे, न्यायालयातले दावे आणि भूसंपादनाच्या नोंदी याव्यात. जुन्या वस्तीत इनाम, देवस्थान, वतन किंवा वक्फची जागा निघू शकते, म्हणून त्या नोंदी वेगळ्या तपासायला सांगा. भाडेकरू असेल तर त्याचा ताबा कधीपासूनचा, हे विचारा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला भाडेकरू मालक बदलला म्हणून घर सोडत नाही.

मोजणी कशी करून घ्यायची

मोजणीचा अर्ज खरेदीदाराला करता येत नाही, उताऱ्यावर नाव असलेल्या धारकालाच करावा लागतो. म्हणून विक्रेत्याला पहिली अट ही घाला: तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात त्याने हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, शुल्क हवे तर तुम्ही द्या. अर्ज ई-मोजणी प्रणालीतून होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीला शुल्क जास्त. एका गटातला भागच विकत घेत असाल तर हद्द कायम पुरत नाही, पोटहिस्सा मोजणी लागते आणि तिला सहधारकांची संमती हवी असते.

कार्यालय लगतच्या धारकांना नोटिसा काढते. ठरलेल्या दिवशी भूकरमापक येतो, उपग्रहाच्या मदतीने बिंदू घेणारे रोव्हर यंत्र लावतो, अभिलेखातली हद्द जागेवर दाखवतो आणि पंचनामा होतो. त्या दिवशी तुम्ही हजर राहा. चारी बाजूंचे शेजारी येतात का, कोण काय बोलतो, कोण सही करायला नकार देतो, हे सगळे डोळ्यांनी पाहा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याशी झालेल्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून घराविषयी जे कळते ते कोणत्याही उताऱ्यावर नसते.

मोजणीनंतर मिळणारी नकाशाची 'क' प्रत हा महत्त्वाचा कागद आहे. तिच्यात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष ताबा (वहिवाट) वेगळ्या रेषांनी दाखवलेले असतात. दोन्ही रेषा जुळल्या तर उत्तम. ताबा आत असेल तर तेवढी जागा शेजाऱ्याकडे आहे आणि ती सोडवण्याचा खर्च तुमचा. ताबा बाहेर असेल तर रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या जागेत अतिक्रमण आहे आणि ते पाडण्याची वेळही तुमच्यावरच येणार. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते.

क्षेत्राच्या आकड्यातही घोटाळा होतो. बोलताना आपण गुंठा म्हणतो आणि उतारा आर सांगतो. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. विंगेटच्या काळातली मोजणीची साखळी 33 फुटांची होती, त्यातून हे माप आले. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, सुमारे 1,076 चौरस फूट. फरक तेरा चौरस फुटांचा. तो लहान वाटतो, पण दर चौरस फुटावर ठरला असेल तर पैशांत मोठा होतो. भाव नेहमी 'क' प्रतीवरच्या चौरस मीटरवर ठरवा.

खासगी सर्व्हेयरचे टोटल स्टेशनचे माप बांधकाम मोजायला चांगले असते, पण हद्दीच्या वादात ते सरकारी मोजणीची जागा घेत नाही. बँकेचा मूल्यांकनकार येऊन गेला म्हणजे पाहणी झाली, असेही समजू नका. तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो. इंग्लंडात जुने घर घेणारा माणूस बँकेच्या मूल्यांकनाखेरीज स्वतःच्या पैशाने सर्व्हेयर लावून घराची वेगळी पाहणी करतो. आपल्याकडे तो रिवाज नाही, पण तो पाळायला कोणी अडवलेले नाही.

हक्क फक्त जमिनीचे नसतात. तुमच्या पन्हळीचे पाणी शेजाऱ्याच्या बोळात पडते का, त्याचे सांडपाणी तुमच्या परसातून जाते का, सामाईक भिंतीत कोणाच्या तुळया घुसलेल्या आहेत, मागच्या घरातली माणसे तुमच्या ओसरीवरून ये-जा करतात का? 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड चाललेली अशी वहिवाट हक्क ठरू शकते. जे दिसेल ते नकाशावर टिपून ठेवा.

भिंत, लाकूड आणि माळवद

जमिनीची मोजणी झाली की घराची. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, आणि तो माती, चुना, लाकूड यांचे बांधकाम पाहिलेला हवा. फक्त आरसीसी जाणणारा इंजिनिअर जुने घर पाहून 'पाडा आणि नवीन बांधा' एवढेच सांगतो. त्याच्याआधी आणि त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः काय पाहायचे, ते असे.

जोत्यापासून सुरू करा. गल्लीत वर्षानुवर्षे डांबर आणि काँक्रीटचे थर चढून रस्ता वर येतो आणि घराचे जोते खाली जाते. उंबरा रस्त्याच्या पातळीला आला असेल तर प्रत्येक मोठ्या पावसात पाणी आत येणार. नदीकाठच्या काळ्या मातीवर उभ्या घराला आणखी एक त्रास असतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंती दरवर्षी हलतात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग हे त्याचे लक्षण. भेगेवर प्लास्टरची पातळ पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. काही आठवड्यांत पट्टी तडकली तर भेग अजून जिवंत आहे.

भिंतीला ओळंबा लावा. मातीत रचलेल्या दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर असतात. आरपार जाणारे दगड कमी असतील तर थर सुटतात आणि भिंत पोट काढते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, त्याचे मोठे कारण हेच होते: मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावर मातीच्या जाड छपराचे ओझे. आपल्या भागातले माळवद त्याच जातीचे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला वर मातीचा थर टाकला जातो आणि जुना थर कोणी काढत नाही. माळवदाची जाडी मोजायला सांगा. ती हातभर असेल तर खालच्या तुळयांवर किती भार आहे, याचा हिशेब इंजिनिअरकडून लेखी घ्या.

लाकडात खांबाचा मधला भाग नेहमी चांगला दिसतो. कुजते ते तुळईचे भिंतीत गेलेले टोक आणि खांबाचे जोत्याला टेकलेले बूड. तिथे पेचकस टोचून पाहा, हातोडीने ठोकून आवाज ऐका. पोकळ आवाज आला की आत वाळवीने काम केलेले आहे. भिंतीवरून वर चढणारी मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी अजून चालू आहे.

लोणा हा या पट्ट्यातला जुना रोग. नीरा डावा कालवा 1885 पासून वाहतो आहे आणि कालव्याखालच्या काही भागांत जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या आहेत. ओल भिंतीतून वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार राहतो. मग खालच्या दोन-तीन फुटांत भिंतीचा पापुद्रा सुटतो. तो झाकायला सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. म्हणून जुन्या मातीच्या भिंतीवर नुकताच केलेला सिमेंट गिलावा आणि ताजा रंग दिसला तर कौतुक करू नका, संशय घ्या.

घरात नंतर घातलेली भर नीट पाहा. मातीच्या भिंतीवर मधेच टाकलेला स्लॅब, गर्डर-फरशीचा वाढीव मजला, गच्चीवर ठेवलेली हजार लिटरची टाकी, स्वयंपाकघरासाठी फोडलेली मधली भिंत, ही सगळी मूळ घराच्या हिशेबात नव्हती. घरात पेव, बळद किंवा बुजवलेला आड आहे का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. धान्याचे पेव नीट न भरता वर फरशी टाकली असेल तर एक दिवस ती जागा खचते.

शक्य असेल तर पाहणी परतीच्या पावसानंतर करा. आपला भाग पर्जन्यछायेतला, वर्षभर कोरडा दिसणारा, पण पाऊस येतो तेव्हा एकदम येतो. 14 ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीने इंदापूर तालुक्याला झोडपले, मे 2025 मध्ये बारामती-इंदापूर भागात अवकाळी पावसाने घरांत पाणी शिरले. या दोन पावसांत या घरात पाणी कुठपर्यंत आले होते, हे विक्रेत्याला विचारा आणि मग तेच शेजाऱ्याला विचारा.

पाणी, रस्ता आणि वारसा

उजनीच्या फुगवट्यालगतचे 'पाण्याकाठचे' घर घेताना एक गोष्ट विसरू नका. धरणाची पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आहे आणि धरणासाठी संपादित केलेली जमीन जलसंपदा विभागाची आहे. उन्हाळ्यात पाणी हटते, तिथे गाळपेर होते, हिरवेगार पीक उभे राहते आणि ती जमीन कोणाच्या तरी मालकीची वाटू लागते. ती सरकारचीच असते. घराचे आवार किंवा कुंपण संपादित हद्दीत गेलेले नाही, असे जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या. भीमा, नीरा, कऱ्हा यांच्या काठावर निळी आणि लाल पूररेषाही तपासा. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही, म्हणून पडके घर पाडून पुन्हा बांधायचा बेत असेल तर ते करता येईल का, हे आधी लेखी विचारा.

रस्त्याचेही तसेच. डाळजमधून पुणे-सोलापूर महामार्ग जातो, बारामती-इंदापूर मार्गावर संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग झाला आहे. रस्त्याकडेच्या घराचा किती भाग संपादित झाला, भरपाई कोणी घेतली आणि इमारत रेषा कुठून जाते, हे भूसंपादन अधिकारी आणि महामार्ग प्राधिकरणाकडे विचारा. भरपाई घेतलेली पडवी पुन्हा विकली जाऊ शकते.

जवळपास जुने मंदिर, गढी किंवा दर्गा असेल तर ते संरक्षित स्मारक आहे का, हे पाहा. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीने हे ठरले. राज्य संरक्षित स्मारकांसाठी 1960 चा वेगळा कायदा आहे. त्याची चौकशी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे करा. घर नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर ते धोकादायक ठरवून नोटीस निघाली आहे का, विकास आराखड्यात गल्ली रुंद होणार आहे का, हेही विचारा. आणि भिंत फोडताना नाण्यांचा हंडा सापडला तर 1878 च्या निखात निधी (पुरलेल्या धनाच्या) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. 'घर घेतले म्हणजे आतले सगळे आपले' हा समज कायद्याला मान्य नाही.

इसारपावतीत काय लिहायचे

इतके सगळे पूर्ण होण्याआधी विक्रेता टोकन मागणारच. द्यायचेच असेल तर लहान रक्कम द्या, बँकेतून द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. पावतीत या अटी घाला: मोजणीची 'क' प्रत, वकिलाचा शोध अहवाल आणि इंजिनिअरचा अहवाल समाधानकारक न आल्यास पूर्ण रक्कम परत, परतीची तारीख, सर्व वारसांच्या सह्या, क्षेत्र कमी निघाल्यास त्या प्रमाणात भाव कमी. वृत्तपत्रात जाहीर नोटीस देण्याची मुभाही लिहून घ्या. 'नोटीस नको, भाऊबंद उगाच बोलतात' असे विक्रेता म्हणाला तर नोटीस देणे अधिकच गरजेचे आहे.

जुन्या घरात लाकूड आणि दगडाला वेगळी किंमत असते. सागवानी खांब, तुळया, नक्षीचे दरवाजे, जोत्याचे घडीव दगड, देवळीची चौकट यांची फोटोंसकट यादी साठेखताला जोडा. ताबा घ्यायला गेल्यावर चौकटीच्या जागी भोक दिसायला नको.

मोजणी, वकील आणि इंजिनिअर यांचा खर्च घराच्या किमतीपुढे किरकोळ असतो, वेळ मात्र लागतो. तेवढे दिवस थांबायला विक्रेता तयार असेल तर तो व्यवहार करण्याजोगा आहे. अहवालात दोष निघाले म्हणून घर सोडलेच पाहिजे असे नाही. लोणा, कुजलेली दोन टोके, माळवदाचा जादा भार यांची दुरुस्ती होते, तिचा अंदाज काढून तेवढा भाव कमी मागा. हद्दीचा वाद, न सुटलेला बहिणीचा हक्क आणि संपादित जमीन यांची दुरुस्ती गवंड्याच्या हातात नसते. मोजणीला नकार देणाऱ्या विक्रेत्याचे घर कितीही देखणे असले तरी ते घेऊ नका.